उजव्या कोपराचा हंगाम

भोरड्या आल्या की माझा उजवा कोपर दुखायला लागतो. खरं सांगायचं तर माझ्या कोपराला दुखायचं काहीएक कारण नाही. लहानपणीची तालीम सोडली तर भाकरी मोडणं आणि शिट्टी तोंडाशी नेणं, यापलीकडं त्यानं पन्नास वर्षांत फारसं काम केलेलं नाही. मागच्या साली डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "सर, एकदम नवाकोरा आहे." शेजारी बसलेली बायको म्हणाली, "वापरलाच न्हाई तर झिजंल कसा?" तरी पौष लागतो, ज्वारी हुरड्याला येते, त्या काळ्या-गुलाबी पाखरांचे थवे कुठल्या तरी लांबच्या मुलखातून येऊन जिंतूर रोडच्या तारांवर बसतात, आणि माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला, शिरेच्या जवळ, कळ उठते. सोंग आहे असं घरचे म्हणतात. मलाही तसंच वाटत आलं आहे.

परवा परभणीहून निघालो तेव्हाही बायकोनं दारातच अडवलं. "हुरड्याचे दिवस हायत. बोरीवरून जायलाव. कुणाच्या लेकराचा हात बघू नका आता." मी म्हणालो, "अगं, मी लग्नाची पत्रिका द्यायला चाललोय." ती म्हणाली, "त्येच सांगायले."

बोरीच्या अलीकडं मी गाडी थांबवली. दोन्ही अंगाला हरभरा, तूर, सोयाबीन निघालेली उघडी रानं. मधोमध एकच तुकडा ज्वारीचा. आमच्या वेळेला रोडच्या दोन्ही बाजूंनी नजर जाईल तिथवर कणसं असायची. मग पाखरंही वाटली जायची, या रानात मूठभर, त्या रानात मूठभर. आता सगळ्या शिवाराची भूक त्या एका तुकड्यावर येऊन पडली होती. थवा उठायचा, वळायचा, सांडलेल्या शाईसारखा पसरायचा आणि पुन्हा तिथंच बसायचा. आणि त्या ज्वारीतून गोफणीचा आवाज आला. फट्ट.

मी गाडीवरच बसून राहिलो. कारण तो आवाज मला ओळखीचा वाटला, आणि ओळखीचा वाटू नये अशी माझी फार इच्छा होती.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी बोरीच्या शाळेत खेळाचा मास्तर होतो. त्या वेळी तिशीच्या पुढं होतो, अंगात कुस्तीची रग होती आणि डोक्यात नुकताच शिरलेला बेसबॉल. तीन दिवसांचं शिबिर करून आलो होतो. येताना एक बॅट, तीन हातमोजे आणि अपार आत्मविश्वास घेऊन आलो. गावात लोक विचारायचे, "सर, ही मोगरी कशाला?" मी समजावून सांगायचो. एकानं फेकायचं, त्याला पिचर म्हणतात. दुसऱ्यानं मारायचं. मारणाऱ्याला मारता आलं नाही तर स्ट्राइक, म्हणजे फेकणारा जिंकला. लोक म्हणायचे, "मग फेकणाराच चांगला पायजे की." अख्खं बेसबॉल त्या एका वाक्यात होतं. ते कळायला मला तीन दिवस आणि सरकारी जेवण लागलं होतं.

हे वेड उगीच घेतलेलं नव्हतं. खेळाडूंना भरतीत राखीव जागा असतात. कबड्डीत, खो-खोत राज्यभर झुंबड. बेसबॉल खेळणाऱ्या पोरी तेव्हा मोजक्या. राज्याच्या स्पर्धेत तिसरा नंबर जरी आला तरी त्या कागदावर एखादी पोरगी पोलिसात लागू शकेल, असा माझा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, हेच त्यातलं वाईट.

पोरी पळणाऱ्या होत्या, झेलणाऱ्या होत्या, फेकणारी नव्हती. हेडसरांची पुतणी मीना फेकायची, पण तिचा चेंडू दोन टप्पे खाऊन, इकडंतिकडं बघत, पाहुण्यासारखा पोचायचा. मग एक दिवस बारावीची हजेरी घेताना लक्षात आलं की अर्धा वर्ग गायब आहे. "कुठं गेल्या सगळ्या?" मी विचारलं. एकजण म्हणाली, "सर, पाखरं राखायला." आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या पोरी दिवसभर मचाणावर उभ्या राहून गोफण फिरवतात, त्यांचे हात तयारच असणार. आपण मैदानावर काय शोधतोय? माल रानात आहे.

तो सगळा पौष मी रानोमाळ हिंडलो. सकाळी धुई इतकी की बैल आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. कणसांवरचं पाणी विजारीला लागून गुडघ्यापर्यंत ओलं व्हायचं. कुठं तरी आगटी पेटलेली, भाजल्या कणसाचा वास, तळहातावर चोळलेला गरम हुरडा. आणि सगळीकडून आरोळ्या, हा हा हाऽऽर्र, आणि गोफणी. वेग मोजायचं यंत्र असतं म्हणे. माझ्याकडं कान होते. बांधावर डोळे मिटून उभा राहायचो आणि ऐकायचो. बहुतेक गोफणी नुसत्या सुस्कारा टाकायच्या. एखादी टाळी दिल्यासारखी वाजायची. त्या दिशेनं मी चिखल तुडवत निघायचो.

लोकांना काही कळेना. कुणी म्हणायचं, पीकविम्याचे साहेब आले. कुणी आकडा टाकलेली वायर घाईघाईनं काढून घ्यायचं. एका आजोबांनी तर सरळ विचारलं, "सर, पोरीचे दंड बघत हिंडायलाव म्हनं. सोयरीक जमवायची का काय?" मी म्हणालो, "नाही आजोबा, चेंडू फेकायला पोरगी पाहिजे." ते म्हणाले, "पगार चालू हाय ना तुमचा?"

शीतल मला अशीच आवाजावरून सापडली. तिची आई कौसाबाई दुसऱ्याची ज्वारी वाट्यानं राखायची, आणि आई खुरपायला गेली की मचाणावर शीतल. बारावीत नाव होतं, वर्गात नव्हती. काळीसावळी, किडकिडीत, डोक्याला स्कार्फ. गोफण अशी फिरवायची की दोर दिसायचाच नाही. मी खालून हाक मारली तर मास्तर हजेरीला आलेत असं समजून पटकन खाली बसली, कणसांत लपली. मी म्हणालो, "शीतल, उतर खाली. शाळेचं नाही. ढेकूळ घे आणि त्या बाभळीला मार बरं." तिनं नुसत्या हातानं फेकलं. बाभळीच्या खोडावर मातीचा धूर झाला. मी म्हणालो, "पुन्हा." पुन्हा धूर, त्याच जागी. माझ्या अंगावर काटा आला. आजही आठवलं की येतो. त्याचा अर्थ मात्र आता वेगळा आहे.

कौसाबाई खुरपं हातात घेऊन तशीच आली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, माझ्या पोरीला खाकी मिळंल का खरंच?"

"मेडल आलं तर मिळेल, मावशी. हात देवाचा आहे तिचा."

तिनं पोरीच्या हाताकडं बघितलं, मग गोफणीकडं. "पर सर, गोफनीत हात न्हाई फेकत. दोरी फेकती. हात नुस्ता फिरतोय. तुमी दोरी काडून घ्यायलाव."

मी हसलो. अडाणी माणसाला समजून घेताना शिकलेला माणूस हसतो तसा. "हात तयारच आहे मावशी, मी फक्त वळण देणार."

वळण द्यायला माझ्याकडं महिना होता. पंधरा दिवसांनी विभागाच्या स्पर्धा, मग राज्याच्या. आणि शिकवायचं कसं, हे तीन दिवसांच्या शिबिरात नीट कळलं नव्हतं. मग मला जे येत होतं ते मी केलं. मला तालीम येत होती. लहानपणी वस्तादांनी आम्हाला मातीत घोळसून घोळसून तयार केलं होतं. शंभर जोर, शंभर बैठका. मांड्या भरून यायच्या, जिना उतरता यायचा नाही. वस्ताद खूश व्हायचे. म्हणायचे, दुखायलंय म्हंजी अंग धरायलंय. मी शीतलला शंभर चेंडू सकाळी आणि शंभर संध्याकाळी दिले. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नव्हता. मांडीसाठी बांधलेला आकडा मी एका सतरा वर्षांच्या पोरीच्या कोपराला लावला.

आठव्या-नवव्या दिवशी ती म्हणाली, "सर, कोपरात कळ यायलीय." मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आनंदच झाला. म्हणालो, "अंग धरायलंय." हळद-तेल चोळायला सांगितलं. तिनंही मान डोलावली. मास्तर सांगतोय म्हणजे बरोबरच असणार. पुन्हा तिनं कधी तक्रार केली नाही. मी ती प्रगती समजलो.

आणि प्रगती दिसतही होती, हे सांगायला पाहिजे. संध्याकाळच्या उन्हात शाळेच्या मैदानावर ती फेकायची आणि मोज्यात चेंडू असा वाजायचा की रोडवरची माणसं सायकलवरून उतरायची. चहावाला गिऱ्हाईक सोडून यायचा. कौसाबाई कुंपणाशी डोक्यावर कडब्याची पेंढी तशीच घेऊन उभी राहायची. विभागाची स्पर्धा आम्ही तिच्या एकटीच्या हातावर जिंकलो. पेपरात चार ओळी आल्या. त्यात माझं नाव तीनदा आणि तिचं एकदा होतं. ते कात्रण मी अजून जपून ठेवलं आहे. तिचं नाव एकदा आलं आहे म्हणून, असं मी स्वतःला सांगतो.

मला एक मुलगी आहे. आता तिचं लग्न ठरलं आहे, पत्रिका तिच्याच. लहानपणी तिचा हातही चांगला होता. चप्पल फेकून कैरी पाडायची, देठ तोडून. बायको म्हणायची, "बापावर गेली." एकदा तिनं कपाटातून बेसबॉलचा चेंडू काढला आणि म्हणाली, "पप्पा, मला पन शिकवा ना." मी दुसऱ्या दिवशी जाऊन तिला कॅरम आणून दिला. मोठा, चांगल्या लाकडाचा. कुणाला काही बोललो नाही, तिलाही कारण सांगितलं नाही. मला सगळं कळलं होतं, याचा पुरावा कुणाला हवा असेल तर तो कॅरम अजून आमच्या माळ्यावर आहे.

राज्याच्या स्पर्धेला लाल डब्यातून रात्रभराचा प्रवास करून गेलो. शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही हरलो, आणि दुपारी तिसऱ्या नंबरासाठीचा सामना होता. मधल्या वेळेत मुलींचं जेवण. मंडपात पत्रावळ्या मांडल्या होत्या, वरण-भात होता. मी वाढप्यामागून जाता जाता बघितलं, शीतल डाव्या हातानं जेवत होती. उजवा हात मांडीवर, ओढणीखाली झाकलेला. शेजारच्या पोरी चिडवत होत्या, "ए डावरे, सासरी असं जेवलीस तर हाकलून देतील तुला." ती म्हणाली, "बोट कापलंय गं." आणि तिनं वर बघितलं. आमची नजरानजर झाली.

त्या वेळी मी तिथं थांबून विचारलं असतं, तर हा लेख मला लिहावा लागला नसता. मी वाढप्याला म्हणालो, "इकडं भात आणा," आणि पुढं गेलो.

सामन्याआधी विचारलं, नाही असं नाही. पण कसं विचारलं? सगळ्यांसमोर, पाठीवर थाप मारत, "काय शीतल, दुखत बिखत तर नाही ना?" ज्याला खरं उत्तर हवं असतं तो असं विचारत नाही. ती म्हणाली, "न्हाई सर." तिच्या डोळ्यांसमोर खाकी होती. माझ्या डोळ्यांसमोर काय होतं, ते मी अजून नीट तपासलेलं नाही. बाकावर मीना बसली होती. तिला घालायचं माझ्या मनातही आलं नाही.

तिसऱ्या डावात दोन धावांनी आम्ही पुढं होतो. शीतलनं हात मागं नेला, फेकला, आणि मोज्यात चेंडू वाजायच्या आधी मला दुसराच एक आवाज ऐकू आला. ओली काडी वाकवून मोडावी तसा, बारीक. बाकापर्यंत ऐकू यायचं कारण नव्हतं. पण हातांचे आवाज ऐकत हिंडण्यात मी महिना घालवला होता. माझे कान तयार झाले होते, जे काही तयार झालं ते तेवढंच. ती ओरडली नाही. गुडघ्यावर बसली, हात पोटाशी धरला. मी पळत गेलो तर तिनं विचारलं, "सर, स्ट्राइक झाला का?"

चेंडू वाईड गेला होता, पार मागच्या जाळीला. मी म्हणालो, "झाला."

मग नाइलाजानं मीना आली. तिच्या टप्पे खात येणाऱ्या चेंडूंना समोरच्या संघातल्या पोरी इतक्या उतावीळ झाल्या की चेंडू पोचायच्या आधीच बॅटा फिरवून मोकळ्या व्हायच्या. एकीलाही धड मारता आलं नाही. आम्ही जिंकलो. तिसरा नंबर आला. म्हणजे मीनाला सुरुवातीपासून घातलं असतं तरी चाललं असतं. येताना गाडीत पोरी गाणी म्हणत होत्या. शीतल खिडकीशी डोकं टेकून बसली होती, गळ्यात पदक, हात माझ्या गमछ्यात बांधलेला. सगळ्यांच्या मेडलला लाल रिबीन होती. तिची तेवढी हळदीनं पिवळी झाली होती.

माझं शहाणपण इथं संपलं असतं तरी बरं होतं. गावी आल्यावर डॉक्टरऐवजी मी तिला वस्तादांकडं नेलं. त्यांनी आमच्या गावात शेकडो हात-पाय बसवले होते, माझा खांदाही त्यांनीच बसवला होता. दाबून बघितलं, म्हणाले, "मुरगाळलंय. बसवतो." त्यांनी ओढलं तेव्हा मी तिचा खांदा धरला होता. ती या वेळी मात्र ओरडली. परभणीच्या डॉक्टरांना दाखवलं तोवर महिना होऊन गेला होता. ते म्हणाले, आतला बंध तुटलाय, मोठ्या शहरात ऑपरेशन करून बघता येईल, पण पहिल्यासारखा होईल असं सांगता येत नाही. कौसाबाईनं विचारलं, "भाकर थापता यील का?" ते म्हणाले, "हो." ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या." मला वाटलं आता माझ्याकडं बघेल. तिनं बघितलं नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत ती मला एका शब्दानं बोललेली नाही. गोफणीचं वाक्य तिनं पुन्हा काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढं शीतल दोनदा भरतीला उभी राहिली. कागद पक्का होता, प्लास्टिकमध्ये घातलेला. पळण्यात पहिल्या दहात. पण पोलीस भरतीत गोळाफेक असते. लोखंडाचा गोळा, उजव्या हातानं फेकला तर पायापाशी पडायचा. डाव्यानं फेकला तेव्हा थोडा लांब, तरी रेषेच्या अलीकडं. दुसऱ्या वेळी मी मैदानाबाहेर दारापाशी उभा होतो. ती बाहेर आली, म्हणाली, "सर, तुमी कशाला आलाव एवढ्या उन्हाचं?" आणि मला पाण्याची बाटली दिली. त्यानंतर माझी परभणीला बदली झाली, आणि हुरड्याच्या दिवसांत मी बोरीच्या रोडनं जाणं सोडलं. जिंतूरला जायचं झालं तर लांबचा फेरा घ्यायचो आणि घरी सांगायचो, तो रोड खराब आहे. तो रोड खराब होताच, त्यामुळं कुणाला संशय आला नाही.

परवा मात्र पत्रिका द्यायची होती, आणि त्या पत्रिकांच्या गठ्ठ्यात एक तिच्या नावाची होती. मीच रात्री बसून लिहिली होती. पोस्टानं टाकता आली असती.

मी बांध उतरलो. धुई उठून गेली होती, तरी कणसं ओली होती, विजार पुन्हा गुडघ्यापर्यंत भिजली. मचाण नव्हतं, ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली उभी करून तिच्यावर ती उभी होती. अंगानं भरली आहे, केसात एक-दोन पांढरे. नवऱ्याची ज्वारी, घरच्या भाकरीपुरती. उजवा कोपर अर्धवट वाकलेला, अंगाशी धरलेला, पाखरू धरावं तसा. मला बघून हसली. "या सर. लय दिसानं. जाड झालाव."

मी पत्रिका दिली. तिनं ती डाव्या हातानं घेतली, वाचली, "ताईचं का? बरं झालं," म्हणाली, आणि पदराच्या टोकाला पुसून ट्रॉलीच्या कडेला जपून ठेवली. मग मी काहीतरी बोलणार होतो. बारा-तेरा वर्षं मी ते वाक्य घडवत होतो. सुरुवातीला ते लांबलचक होतं, मग कमी कमी होत दोन शब्दांवर आलं होतं. तेवढ्यात थवा बसला. ती म्हणाली, "थांबा सर, येक मिनिट," आणि गोफण उचलली.

डाव्या हातानं. खडा उजव्या हाताच्या बोटांनी घातला, तेवढं त्यांना जमत होतं. मग डावा हात डोक्यावर गेला, एक फेरा, दोन फेरे, आणि दोर दिसेनासा झाला. फट्ट. शिवाराच्या त्या टोकाची पाखरं उठली. तिच्या आईचं बरोबर होतं. हात नुसता फिरत होता.

आणि मी, जो आत्ता माफी मागणार होतो, त्याच्या डोक्यात आधी काय आलं? डावरी. डावरा पिचर मिळत नाही कुठं, उभ्या राज्यात मिळत नाही. खांदा कसा मोकळा आहे बघ. हे सगळं एका श्वासात आलं, पाऊस नसताना नाल्याला पाणी यावं तसं.

शीतलनं वळून माझ्याकडं बघितलं. मंडपात पत्रावळीवरून बघितलं होतं तसंच. मग हळू आवाजात म्हणाली, "सर, तसं बघू नका."

मी मान खाली घातली. वर तिनं दुसरा खडा घातला, गोफण फिरू लागली. मी चिखलात रुतलेल्या माझ्या बुटांकडं बघत उभा राहिलो. पण कान तसेच उघडे होते.